सुतकाला आलेले पाहुणे

काका स्वतःशी बोलायचे, पण अहोजाहो करून.

स्वतःशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझ्या ऑफिसात निम्मी तशीच आहेत. पण ती स्वतःला गाढव तरी म्हणतात, नाहीतर काम जमलं की शाबासकी देतात. काका जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेन गावच्या शनिवारच्या बाजारात टोमॅटो निवडताना मान किंचित वाकवून म्हणायचे, "अहो, असू दे. एखादा मऊ निघाला तर निघाला. बसा तुम्ही." टोमॅटोवाली त्यांना चांगली ओळखून होती. ती थांबायची. आतल्या मंडळींचं एकमत झालं की काका मोजून चार टोमॅटो घ्यायचे.

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. घर पाहायला गेले त्या दिवशी त्यांनी सगळं दाखवलं, किल्ल्या मोजून हातात दिल्या आणि म्हणाले, "आल्झो, तर मग, एक आधीच सांगून ठेवतो. घरात पाहुणे असतात. तुम्हाला त्रास नाही व्हायचा." मी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. टेबलाशी एक खुर्ची, ओट्यावर एक कप. घर शोधून माझे जोडे झिजले होते. भूत असतं तरी मी सही केली असती.

ते सत्तरीला टेकलेले होते. बुटके, गोरटेले, बंडीच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. जर्मनीत आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि मग इथलेच झाले. गाडीत काही बिघाड झाला की इंजिन जळू नये म्हणून गाडी आपोआप हळू व्हायला हवी, ही व्यवस्था करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गाडी का पळत नाही म्हणून लोक गॅरेजात तणतणत येतात, ह्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "ती जळू नये म्हणून हळू चालते हो," ते म्हणायचे. "आणि हे तिच्यावरच चिडतात."

आमच्या ह्या भागात केअरवोख नावाचं एक प्रकरण आहे. आठवड्याच्या झाडलोटीची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली असते आणि त्याने जिना आणि दारापुढची पायवाट झाडायची. पाटी माझ्या दारावर असली तरी सकाळी मी झाडू घेऊन बाहेर पडावं तो जिना लख्ख. मधल्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंना वाटायचं की ही भारतीय मुलगी फार गुणाची. दोन-तीनदा झाल्यावर मी खाली जाऊन भांडले. माझी पाळी, माझा झाडू, तुम्ही मध्ये का पडता?

काका ओशाळले. "मी सांगितलं होतं त्यांना. पण आत्यांना राहवत नाही हो."

"कोण आत्या?"

मग त्यांनी मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि ओळख करून दिली. आतमध्ये तीन पाहुणे. एक आत्या. त्यांना सगळं जागच्या जागी लागतं, याद्या लागतात, घर घासूनपुसून ठेवलं की आता काही वाईट होणार नाही अशी त्यांची समजूत आहे. दुसरे मामा. ते तापट. कोणी काही बोलायच्या आधीच ते बाह्या सरसावून दारात. शेजाऱ्याचं कुंपणाचं झुडूप चार बोटं आमच्या बाजूला आलं तेव्हा चार पानी पत्र गेलं होतं, ते मामांनी लिहिलेलं. आणि तिसरे भावोजी. ते गमत्ये. वातावरण जरा जड झालं की ते काहीतरी सोडून देतात आणि सगळे हसतात.

"आणि हे तिघं कधीपासून आहेत?" मी हसू दाबत विचारलं.

"सुतकाला आले होते," काका म्हणाले. "ते राहिलेच."

मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली. मी ऑफिसात सांगितली, फोनवर आईला सांगितली. आई म्हणाली, "एकटा माणूस, त्याला काहीतरी लागतं."

काकांची बायको जर्मन होती. ती फार पूर्वी सोडून गेली. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टात काकांनी असा काही विनोद केला म्हणे की न्यायाधीशसुद्धा हसले, आणि बायको रडायला लागली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मी इतकी वर्षं एका गमत्याशी संसार केला, नवरा मला भेटलाच नाही. हे काका मला हसत हसत सांगत होते. अर्थात, सांगत होते तेही भावोजीच.

त्या घटस्फोटानंतर त्यांची झोप गेली, कामावर जाणं बंद झालं, आणि डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे रेहाला पाठवलं. रेहा म्हणजे डोंगरात एक इस्पितळवजा हॉटेल. सकाळी चालायचं, दुपारी चित्रं काढायची आणि संध्याकाळी गोल बसून बोलायचं. तिथल्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं, तुमच्या आत एकच माणूस नसतो. काही जण राखण करतात आणि काही जण जखमी असतात. राखण करणाऱ्यांना नावं द्या. कोणी लांडगा म्हणालं, कोणी किल्ला, कोणी शिपाई. काका म्हणाले, मामा, आत्या, भावोजी. मग सगळ्यांना सुतक म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावून सांगण्यात त्या दिवसाचा तास संपला. घरात कोणी गेलं की नातेवाईक येतात, चूल हातात घेतात, दाराशी बसतात, आल्यागेल्याला तोंड देतात. ज्याचं माणूस गेलं त्याने दहा दिवस काही करायचं नाही. नुसतं बसायचं. तेराव्याला गोड जेवण झालं की पाहुणे आपापल्या घरी जातात.

"त्या बाई म्हणाल्या, ह्या पाहुण्यांचे आधी आभार माना," काका सांगायचे. "त्यांनी तुम्हाला जगवलं. त्यांना हाकलू नका. मग विचारा, आतल्या खोलीत कोण आहे."

"मग? कोण आहे?"

"सहा आठवडे संपले ना. दारापर्यंत पोचलो होतो. पुढची तारीख पार पुढच्या वर्षीची मिळाली. तोवर मामा म्हणाले, काही गरज नाही."

हे ऐकून तुम्हाला काका नुसते विक्षिप्त वाटतील. मलाही वाटायचे. पण माझ्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसात मला बोलावून सांगितलं की तुमचं काम समाधानकारक नाही, तीन महिन्यांत सुधारणा दिसली पाहिजे. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, करत मान डोलावली, बाहेर येऊन सगळ्यांशी हसून बोलले, घरी येताना केकसुद्धा आणला. काकांच्या दारावर टकटक करून म्हटलं, "काका, केक खाणार? मला नोकरीवरून काढतायत बहुतेक." आणि मी हसत सुटले.

त्यांनी केक बाजूला ठेवला. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ह्या हसणाऱ्या बाई कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

"नाही. ह्या फार कामाच्या बाई दिसतात. दमल्यायत. त्यांना म्हणा, बसा जरा, पाणी घ्या. आम्ही आहोत इथे. मग बघू, त्यांच्या मागे कोण उभं आहे."

मी पाच मिनिटं आणखी हसले. मग अशी रडले की मधल्या मजल्यावरच्या आजीबाई खाली विचारायला आल्या. जर्मनीत आल्यापासून मी रडलेच नव्हते. काकांनी माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही. समोर बसून राहिले आणि मी थांबल्यावर केक कापला. नोकरी पुढे टिकली, आणि ती त्या दुपारमुळेच टिकली असं मला वाटतं. तेव्हापासून ते माझे झाले. माझ्या सख्ख्या काकांपेक्षा जवळचे.

दुसऱ्याच्या मागे कोण उभं आहे हे ज्याला एका नजरेत दिसतं, त्याला स्वतःच्या आतल्या खोलीचं दार उघडता येत नाही, हे मला त्या वेळी विचित्र वाटलं. आता वाटत नाही.

ती खोली त्यांनी मला एकदाच दाखवली. एका रविवारी दुपारी. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात घरून आलेली निळी हवाई पत्रं. त्यांची एक धाकटी बहीण होती, सतरा वर्षांची. ते जर्मनीला आले त्या वर्षी काविळीने गेली. काका इथे शिकत होते, पुढे मोठी परीक्षा होती. वडिलांनी ठरवलं की पोराला कळवायचं नाही. कळवलं तर सगळं टाकून परत येईल. परीक्षा होऊ दे, मग सांगू.

परीक्षा अकरा महिन्यांनी होती.

"अकरा महिने पत्रं येत होती," काका म्हणाले. "हे बघा ना. 'धाकटी तुझी आठवण काढते.' हे बघा. 'धाकटी नमस्कार सांगते.' मी तिच्या वाढदिवसाला घड्याळ पाठवलं होतं. कोणी तिकडे जाणारं होतं त्याच्याबरोबर. त्या घड्याळाचं पत्र हे."

मी वाचलं. वडिलांचं वळणदार अक्षर. घड्याळ पोचलं. तिला फार आवडलं. मनगटाला जरा सैल होतं म्हणते, पण काढत नाही.

घड्याळ पोचलं तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

मी ते पत्र हातात धरून बसले. काका शांतपणे म्हणाले, "सैल होतं हे कशाला लिहिलं असेल हो? नुसतं आवडलं म्हणून भागलं असतं." तेवढ्या एका वाक्यात त्यांचा आवाज वेगळा झाला होता. मग लगेच भावोजी आले आणि म्हणाले, "माझे वडील कारकून नसते तर मोठे लेखक झाले असते!" आणि आम्ही दोघं हसलो. मी हसले ह्याची मला आजही लाज वाटते.

परीक्षेचा निकाल लागला, पास झाले, आणि मग शेवटचं पत्र आलं. त्यात खाली लिहिलं होतं की इतक्या दिवसांनी कळल्यावर सुतक उरत नाही, डोक्यावरून अंघोळ कर म्हणजे झालं. काका वसतिगृहाच्या सामाईक न्हाणीत गेले. डोक्यावरून अंघोळ केली. बाहेर पोरं निकालाची बिअर घेऊन उभी होती. ते त्यांच्यात गेले.

"सगळ्यांनी प्रेमापोटीच केलं," ते म्हणाले. "रागवायचं कोणावर? म्हणून मामा झुडपांवर रागावतात."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मला अर्धवट राहिलेलं काम बघवत नाही. माझी नोकरीच ती आहे. चूक शोधायची, नोंदवायची, दुरुस्त करून घ्यायची आणि बंद म्हणून शिक्का मारायचा. त्या डब्याचं झाकण लागल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळायला लागलं. ह्यांच्याकडून तेरावा राहिलाय. तो झाला नाही म्हणून पाहुणे गेले नाहीत. करून टाकू!

मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा काकांनी विषय बदलला. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांनी?" मी म्हटलं, "काका, किती दिवस ह्या लोकांना जेवायला घालणार? त्यांनाही आपापली घरं असतील." हे वाक्य त्यांना पटलं. पाहुण्यांचाही विचार करायला हवा हे त्यांच्या स्वभावात बसणारं होतं. आत्यांनी यादी करायला घेतली.

शनिवार ठरला. रविवारी इथे जरा भांडं वाजलं तरी शेजारी कुरकुरतात, आणि कामाच्या दिवशी मला जमणार नव्हतं. हायडेलबर्गहून त्यांची मुलगी आली. ती तिकडे शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडून फक्त "बाबा" एवढा एकच मराठी शब्द निघतो, बाकी जर्मन. तिने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मला हळूच जर्मनमध्ये विचारलं, "हे बरोबर आहे ना? म्हणजे ह्याच क्रमाने करतात ना?" मी म्हटलं, "अगं, मी आहे ना. काळजी करू नकोस."

मी क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड केलं. वडे, खीर, वरणभात. काकांनी पानं मांडली. आमची तीन, आणि समोर आणखी तीन. मामांच्या पानात मीठ जास्त, भावोजींच्या पानात दोन वडे. आतल्या खोलीतल्यासाठी पान नव्हतं. मी ते पाहिलं. मी मोजलं, सहा, आणि काही बोलले नाही. मला वाटलं, मुद्दामच नसेल मांडलं.

जेवण झाल्यावर काका उठले. त्यांनी घराचं दार उघडलं, बाजूला उभे राहिले आणि हात जोडले. "मामा, आत्या, भावोजी. तुमचे उपकार फार आहेत. मी जगलो तो तुमच्यामुळे. आता निघा." मग म्हणाले, "येतो म्हणू नका. अशा घरातून निघताना म्हणत नाहीत. नुसतं जा."

दारातून थंड वारा आत आला. त्यांची मुलगी रडत होती. मीही रडत होते, पण मनातून मला फार बरं वाटत होतं. काम झालं असं वाटत होतं.

पहिले तीन-चार दिवस काका हलके दिसले. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "घर केवढं मोठं आहे हो हे. मला माहीतच नव्हतं." मी आईला फोन करून सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. आई सगळं ऐकून म्हणाली, "पण त्यांना आधी दहा दिवस कोणी बसू दिलं का गं?" मी म्हटलं, "आई, आता कुठले दहा दिवस? इथे सुट्टी तरी कोण देतं?"

मग पाटी काकांच्या दारावर लागली, त्यांची पाळी, आणि जिना तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. पायवाटेवर पानं साचली, ओली झाली, चिकटून बसली. मधल्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला विचारलं, ते गावाला गेलेत का? मी खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका स्वयंपाकघरात त्या एकुलत्या खुर्चीवर बसले होते, बंडी उलटी घातलेली. टेबलावर शनिवारच्या श्रीखंडाचं भांडं तसंच होतं, वर बुरशी आलेलं.

"काका, अहो, काय झालं?"

"आतलं दार उघडलं," ते म्हणाले. "तो बसलाय आत. चोवीस वर्षांचा. हातात पत्र आहे. त्याला कोणीतरी सांगायला हवं ना, की बस, काही करू नकोस, आम्ही आहोत बाहेर. आणि बाहेर कोणी नाही."

"मी आहे ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजिबात राग नव्हता. रागवायला मामाच नव्हते. "तुम्ही उद्या ऑफिसला जाल," ते म्हणाले.

आणि मी गेले. त्या आठवड्यात आमचं मोठं काम पूर्ण करून द्यायचं होतं, माझ्याशिवाय अडणार होतं असं मला वाटत होतं. सकाळी डबा ठेवून जायचे, संध्याकाळी तो तसाच उचलायचे. दहा दिवस सुट्टी टाकली असती, खाली चटई टाकून त्यांच्याजवळ नुसती बसले असते, तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसतं झालं. पण मी बसले नाही, हे खरं आहे.

शेवटी मी त्यांच्या मुलीला कळवलं. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांची बंडी सुलटी करत होते, तेव्हा ते एकदम स्पष्ट आवाजात बोलले. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं सलग बोलणं. "तुमचा दोष नाही हो. आपला क्रम चुकला. दहा दिवस आधी असतात, तेरावा नंतर. आपण तेरावा आधी केला."

मुलीने त्यांना हायडेलबर्गजवळच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. मी रविवारी जायचे. ते खिडकीकडे तोंड करून बसलेले असायचे. मी बाजारातल्या टोमॅटोवालीचा निरोप सांगायचे, मधल्या आजीबाईंचा सांगायचे. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काका, शेजाऱ्याचं झुडूप पुन्हा आत आलंय. चांगलं हातभर." वाटलं, मामा तरी परत येतील. काका म्हणाले, "येऊ दे." त्यांच्या तोंडून 'अहो' सुद्धा गेलं होतं, कारण अहो म्हणायला आत कोणी उरलं नव्हतं. मी घरी जाताना ट्रेनमध्ये मनातल्या मनात त्या तिघांची विनवणी करायचे की परत या, चुकलं माझं. ते माझे पाहुणे नव्हते. ते माझं कशाला ऐकतील?

ह्याच सुमारास माझ्या भावाचं लग्न निघालं. मी तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेले. जाताना त्यांच्या मुलीला सांगून गेले, रोज कळव. ती कळवायची. हळदीच्या सकाळी मी विचारलं, काका कसे आहेत? उत्तर आलं, "उनफेअरएन्डर्ट." म्हणजे तसेच, काही बदल नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी पंगतीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, त्यांना दाखव, म्हणावं अख्खं ताट श्रीखंडाचं आहे. तिने लिहिलं, दाखवला. मी विचारलं, हसले का? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "थोडेसे."

मी परत आले त्या दिवशी ती जिन्यात होती, पुस्तकांची खोकी बाहेर काढत. मला पाहून तिने खोकं खाली ठेवलं. काकांच्या दारावरच्या नावाच्या जागी नुसत्या चार स्क्रूची भोकं होती.

"कधी?" मी विचारलं.

तिने सांगितलं. मी विमानात बसले त्याच्या चौथ्या दिवशी. सकाळी नर्स चहा घेऊन गेली तेव्हा गेलेले होते. हळद, लग्न, तो फोटो, सगळं त्यानंतरचं.

ती जर्मनमध्ये भराभर बोलत होती. तुझ्या घरात लग्न होतं. तुझ्या आनंदात हे कसं सांगायचं? तुझ्यावर ओझं टाकायचं नव्हतं मला. मी रोज ठरवत होते की उद्या सांगीन. आणि मग फोटो आला.

"थोडेसे हसले, असं लिहिलंस तू," मी मराठीत म्हटलं.

ती खालच्या पायरीवर बसली, जिथे काकांनी मला बसवलं होतं तिथेच. "हो," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ते का लिहिलं मला माहीत नाही. नुसतं दाखवला म्हणून भागलं असतं."

तिला त्या निळ्या पत्रांबद्दल माहीत नव्हतं. काकांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं, तिला त्रास नको म्हणून. डबा त्या खोक्यांत कुठेतरी होता. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्यावर ओझं कशाला?

वर जाऊन मी आईला फोन केला. आई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "परक्याचं सुतक नसतं गं. आणि आता दिवसही होऊन गेले. डोक्यावरून अंघोळ कर म्हणजे झालं."

मी डोक्यावरून अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. सगळ्यांनी लग्नाबद्दल विचारलं, मी पेढे वाटले आणि वरातीत नवरदेवाचा फेटा कसा उडाला ते सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले.

ह्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे. सकाळी मी जिना झाडला, वरपासून खालपर्यंत, काकांच्या बंद दारापर्यंत. मग पायवाट झाडली. मग पुन्हा वर जाऊन जिना पहिल्यापासून झाडायला घेतला. मधल्या मजल्यावरच्या आजीबाई दारात येऊन म्हणाल्या, पोरी, तो स्वच्छ आहे, तू आत्ताच झाडलास. मी हसून त्यांना म्हटलं, काय करू, राहवत नाही.

बोलले आणि झाडू हातात तसाच राहिला. कोण बोललं ते मला कळलं. फेट्याची गोष्ट कोणी सांगितली तेही कळलं.

ती मंडळी कशी येतात आणि किती वर्षं राहतात, हे मला कोणी सांगायची गरज नाही. ती कोणाला झाकून उभी आहेत तेही मला माहीत आहे. पण आतल्या खोलीतल्या तिच्याजवळ दहा दिवस बसेल असं माझ्या घरात कोणी नाही. उद्या ऑफिस आहे.

मी मान किंचित वाकवली आणि हळू आवाजात म्हटलं, "अहो, या. बसा."